आधुनिक कलेच्या संग्रहालयात जाताना वाचून जावं की काहीच न वाचता?

पानगळ
दिवाळीनंतर पुण्याहून एका दिवसासाठी मुंबईला जायचं ठरतंय. बरोबर आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या आसपास, आणि दहा वर्षांची भाची. मुख्य ठिकाण काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे जुनं कावसजी जहांगीर सभागृह. घरच्या ग्रुपवर भावाने टाकलेला बेत असा: सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी, मग आधुनिक कला, समोरचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन, गेटवे, आणि संध्याकाळी पाच-दहाच्या डेक्कन क्वीनने परत. शिवाय चित्रकारांची माहिती म्हणून चार लांबलचक लेखही सगळ्यांना पाठवलेत.

मला यातलं काहीच पटत नाही. दिवसभरात एकच संग्रहालय बघावं, त्यातही मोजकी चित्रं, आणि जाण्याआधी कुणी एक ओळही वाचू नये. माणसं पाटी वाचतात, चित्राकडे ओझरतं बघतात आणि पुढच्या पाटीकडे सरकतात. अमुक चित्र थोर आहे असं आधीच कानावर पडलेलं असलं की 'मला यात काही वाटलं नाही' असं म्हणायची हिंमत राहत नाही. माझ्या आईने आयुष्यभर गोधड्या शिवल्यात. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग टिकतो हे तिला शिकवायची गरज नाही. तिला तिच्या डोळ्यांनी बघू द्यावं असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा.

दगडफूल
एवढा गाडीखर्च करून फक्त एक ठिकाण? समोर रस्ता ओलांडला की मूर्ती, लघुचित्रं, नाणी सगळं आहे. आई-बाबा पुन्हा कधी मुंबईला येतील? दोन्ही बघा. गेटवे वगळा हवं तर.

रेषाघर
मी शाळेत चित्रकला शिकवत होतो, त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलणार आहे.

'काही न वाचता जा' हा सल्ला ऐकायला मोकळाढाकळा वाटतो, पण ज्याच्या घरात आधीपासून चित्रं आणि पुस्तकं आहेत त्यालाच तो परवडतो. बाकीचा माणूस वासुदेव गायतोंड्यांच्या अमूर्त चित्रासमोर उभा राहतो, त्याला पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीसारखं काहीतरी दिसतं, तो चारचौघांत गप्प राहतो आणि 'हे आपल्यासाठी नाही' असं मनाशी धरून बाहेर पडतो. तो परत येत नाही. विद्यार्थ्यांच्या पालकांचं असं झालेलं मी पाहिलंय, आणि दर वेळी मला वाईट वाटलंय.

त्याला अर्थ समजावून सांगायची गरज नसते. एवढंच सांगावं की गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरवायच्या बोथट सुरीने, काम करायचे. एक थर द्यायचा, थोडा काढून घ्यायचा, त्यावर दुसरा. वर्षभरात अगदी थोडी चित्रं पुरी व्हायची. हे कळल्यावर तोच माणूस चित्राच्या जवळ जातो, खालचा थर कुठे वर डोकावतोय ते शोधायला लागतो. त्याची नजर मी बांधून ठेवली असं म्हणाल का?

आणि त्या काळातले हे चित्रकार कोण होते हेही सांगावंच. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यांचं १९४९ चं प्रदर्शन रॅम्पार्ट रोवर भरलं होतं, या संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर. हुसेन यांनी पोटासाठी सिनेमाची होर्डिंगं रंगवली होती, आरा यांनी मोटारी धुतल्या होत्या. गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे, सूझा गोव्यातल्या साळगावचे. हे ठाऊक असेल तर तुमचे बाबा त्या दालनात पाहुण्यासारखे अवघडून उभे राहणार नाहीत.

रोखठोक
मला कुणाचा अपमान करायचा नाही, पण यातली किती माणसं चित्र बघायला जातात आणि किती त्याची किंमत बघायला? २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं, त्यानंतर हे नाव घरोघरी पोचलं. लघुचित्रातला बारीक ब्रश कुणालाही कळतो, तिथे कुणी समजावून सांगावं लागत नाही. ज्याच्यासाठी इतकी तयारी लागते ते म्हाताऱ्या माणसांच्या माथी का मारायचं? समोरच्या वस्तुसंग्रहालयातच न्या त्यांना.

रेषाघर
@रोखठोक, लघुचित्रही तयारीशिवाय कळत नाही. त्यातला निळा कृष्ण तुम्हाला लहानपणापासून ओळखीचा आहे, म्हणून कळल्यासारखं वाटतं. तयारी घरातच झालेली असते. किमतीबद्दल म्हणाल, तर लिलाव झाले ते चित्रं पुरी होऊन कित्येक वर्षं उलटल्यावर. गायतोंडे तर २००१ मध्येच गेले.

चौकटराजा
वाचावं की न वाचावं यावर भांडण्याआधी तिथे सध्या काय लावलंय ते बघा! इथे संग्रहातली चित्रं कायमची टांगलेली नसतात. प्रदर्शनं बदलत राहतात आणि मधल्या काळात दालनं बंदही असू शकतात. गायतोंडे मनात धरून जाल आणि भिंतीवर भलतंच कुणी असेल. सोमवारी बंद असतं. आदल्या दिवशी फोन करून प्रदर्शन, वेळ आणि ज्येष्ठांसाठी काय सोय आहे ते विचारून घ्या.

ही चौकशी महत्त्वाची, कारण इमारत वेगळी आहे. १९११ चं सभागृह, जॉर्ज विटेट या वास्तुरचनाकाराचं. १९९६ मध्ये संग्रहालय सुरू झालं ते आतल्या पोकळीत एकावर एक अर्धवर्तुळाकार मजले बांधून, आणि सगळ्यात वर घुमट. म्हणजे चढ आलाच. गुडघे दुखणारं कुणी असेल तर खालच्या दोन मजल्यांवरच निवांत वेळ घालवा.

जहांगीर कलादालन मात्र सोडू नका. प्रवेश मोफत, आणि तिथे बहुतेक वेळा चित्रकार स्वतःच चित्रांपाशी बसलेला असतो. भाचीला जे विचारायचंय ते ती थेट त्यालाच विचारू शकते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो, तेव्हा आई-बाबांना नेऊ नका, गर्दीत उभं राहायला जागा मिळत नाही.

हडसनकाठ
न्यू यॉर्कच्या मोमामध्ये, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, पाहुण्यांना नेणं नेहमी माझ्याकडे असतं, म्हणून सांगते. तिथेही सगळे लिफ्टने पाचव्या मजल्यावर जातात, व्हॅन गॉगच्या 'स्टारी नाइट'पुढे फोटो काढतात आणि उतरायला लागतात. चित्र जेमतेम तीन फूट रुंद, त्याच्यापुढे मोबाइलची भिंत. चौथ्या मजल्यावर, जिथे १९४० ते १९७० ची चित्रं आहेत, तिथे तुलनेने शांतता. म्हणून पाहुण्यांना मी आधी चौथ्यावर नेते.

वाचण्याबद्दल एक उदाहरण देते. २०१९ मध्ये मोमाचा विस्तार झाला आणि मांडणी बदलली. तेव्हा पिकासोच्या १९०७ च्या 'अविन्याँच्या तरुणी' या चित्राच्या दालनात फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचं १९६७ चं मोठं चित्र लावलं: रस्त्यावरची हिंसा, रक्त, एकमेकांना बिलगलेली दोन पोरं. हा शेजार मुद्दाम घडवलेला होता. पिकासोच्या त्या मुखवट्यांसारख्या चेहऱ्यांमागे आफ्रिकन शिल्पं होती हे ठाऊक नसेल तर दोन्ही चित्रं एकत्र का, हे उमगत नाही. पण मी हे आधी सांगत नाही. सगळ्यांना मनसोक्त बघू देते, आपसात बोलू देते, मग सांगते. त्यानंतर माणसं पुन्हा त्याच चित्रांकडे वळतात. पानगळ आणि रेषाघर, तुमचं भांडण फक्त वेळेचं आहे असं मला वाटतं.

पानगळ
फक्त वेळेचं नाही, ताई. बघून झाल्यावर सांगणं मला चालेल, पण तेही बघणाऱ्याने विचारलं तरच. आईला एखादं चित्र आवडलं आणि ते कुणाचं हे जाणून घ्यावंसं वाटलं नाही, तर ती चुकली असं मी मानणार नाही.

चौकटराजांचा सल्ला मात्र शंभर टक्के घेतला. फोन करते. बेत आता असा: सकाळी आधुनिक कला, जेवण, मग जहांगीर, बस. दगडफूल, समोरच्या वस्तुसंग्रहालयासाठी वेगळा दिवस काढू, ते तासाभरात उरकायचं ठिकाण नाही.

रेषाघर
आईंबद्दल तुमचं म्हणणं राहू दे. बाबांना आणि भाचीला तरी थोडं सांगून न्या, मी यावरून हटणार नाही. इंग्रजी लेख नको असतील तर प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' मराठीतच आहे, १९९० चं. चित्रकाराने स्वतः लिहिलेलं आहे. याच संग्रहालयात २०१९ मध्ये बरव्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ अशा रोजच्या वस्तू असतात आणि एनॅमल रंग, दारं-खिडक्यांना लावतात तसले चकचकीत, म्हणजे भाचीलाही तिथे शिरता येतं.

तिला एक वही द्या, आणि पेन्सिल. पेन नको, बऱ्याच संग्रहालयांत शाई आत नेऊ देत नाहीत.