लॅपटॉप तिरका ठेवला, गाडीवर नेला, तर हार्ड डिस्कचं आयुष्य घटतं का?

रावेरचा ठिबकवाला
नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात केळीला ठिबक बसवून द्यायचं माझं काम. मापं, आराखडे, शेतकऱ्यांची बिलं, अनुदानाचे कागद, बागांचे फोटो, सगळं एकाच लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप जुना आहे, आत १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. दिवसभर पाठीला बॅग आणि खाली मोटरसायकल. एका मळ्यातलं आवरलं की झाकण पाडायचं, बॅगेत टाकायचं, किक मारायची. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचे खड्डे इथल्या लोकांना सांगायला नकोत. घरी आलो की बाजेवर पडून लॅपटॉप पोटावर तिरका. भाचा म्हणतो, "मामा, डिस्क सपाटच पाहिजे, तिरकी चालली की झिजते." आता हल्ली मधूनच टक्... टक् असा आवाज येतो आणि फाईल उघडायला फार वेळ लागतो. दुखणं नेमकं कशात आहे, बाजेत की गाडीत?

पारोळेकर
भाऊ, मीही हेच ऐकत आलोय की डिस्क सपाट पाहिजे. टेबलावर ठेवूनच काम करा. आणि उन्हाळा जपा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात डिस्क टिकणार कशी?

भुसावळ दुरुस्ती
दादा, आधी बाजेवरचा आळ काढून टाका. डिस्क आडवी, उभी, तिरकी, कशीही चालते. बनवणारे स्वतःच तसं लिहून देतात. आतलं हेड (माहिती वाचणारं-लिहिणारं टोक) तबकडीवर टेकलेलं नसतंच. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. अडीच इंची डिस्कच्या कडेचा वेग काढला तर ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास येतो. त्या वेगाने जी हवा ओढली जाते तिच्यावर हेड तरंगतं, तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर. माणसाच्या केसाची जाडी याच्या हजारो पट. हेडचं वजन इतकं नगण्य की वरची बाजू कुठली आणि खालची कुठली याने त्याला फरक पडत नाही.

घात करतो तो फिरत असताना बसलेला धक्का. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असताना ३५० ते ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) धक्का, तोही २ मिलिसेकंदांपुरता, असा आकडा असतो. बंद असताना ९०० ते १,००० जी. हा आकडा मोठा वाटतो, पण कडक फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर लॅपटॉपची एक कड थोड्याशा उंचीवरून जरी आपटली, तरी थांबायला वेळच मिळत नाही आणि धक्का झपाट्याने चढतो. पोटावर, मांडीवर तोच मार शरीर गिळतं. म्हणून ओट्यापेक्षा तुमची बाज बरी. फक्त गोधडीने हवेच्या फटी बुजू देऊ नका.

माझ्या काउंटरवर रोज दिसणारी एक गोष्ट: गिऱ्हाईक चालू लॅपटॉप एका हाताने कोपऱ्याला धरतं आणि "हे बघा" म्हणत गर्रकन माझ्याकडे वळवतं. जोरात फिरणारी तबकडी आपली दिशा सोडायला तयार नसते. तिला झटक्याने कलवलं की सगळा ताण बेअरिंगवर आणि त्या काही नॅनोमीटरच्या फटीवर येतो. सावकाश, दोन्ही हातांनी फिरवलं तर काही होत नाही.

आता तुमची गाडी. झाकण पाडलं म्हणजे डिस्क थांबली असं नाही. विंडोज आधी राहिलेलं लिहून घेतं, मग झोपतं. डिस्क ज्या बाजूला आहे तिथे कान लावा. बारीक टिक् होतं, तेव्हा हेड तबकडीवरून उतरून बाजूच्या प्लास्टिकच्या उतारावर जाऊन बसलेलं असतं, आणि मग फिरण्याचा आवाज हळूहळू विरतो. त्यानंतर बॅग, त्यानंतर किक. हेड जागेवर बसलं आणि तबकडी थांबली की रस्त्यावरचे खड्डे तिचं सहसा काही वाकडं करत नाहीत. तुम्ही किक मारता ती नेमकी त्या मधल्या सेकंदांत. मळ्यातून निघताना स्लीपऐवजी हायबरनेट (चालू काम डिस्कवर जपून पूर्ण बंद होणं) किंवा सरळ शटडाऊन करा, कारण काही लॅपटॉप बॅगेत मध्येच जागे होतात.

(बॅटरी अचानक संपली तर हेड अधांतरी राहत नाही. तबकडी थांबता थांबता जी वीज निर्माण करते, तिच्यावर ते जागेवर परततं. पण रोज तसं होऊ देऊ नये.)

पारोळेकर साहेब, उन्हाबद्दल: बहुतेक डिस्क ६० अंशांपर्यंत चालायला बनवलेल्या असतात. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखावर डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजला जात होता तेवढा घट्ट निघाला नाही. फार तापलेल्या आणि जुन्या डिस्कमध्येच तो ठळक दिसला. तेव्हा ४५ च्या उन्हाला एवढं घाबरू नका. पण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा बंद बॅगेत चालू लॅपटॉप ठेवू नका.

दादा, टक् टक् मात्र मनावर घ्या. डेटा गेल्यावर डोळ्यांत पाणी घेऊन दुकानात येणारी माणसं मी पाहतो, म्हणून कळकळीने सांगतो. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) टाका आणि ०५, बीएफ, सी१, सी५ या ओळींचे आकडे इथे लिहा. फंक्शन मेनूत रॉ व्हॅल्यूज दशमान (10 [DEC]) करून घ्या, नाहीतर आकडे वेगळ्याच रूपात दिसतील.

शिरपूरनी पोर
भाऊ, मना अनुभव असा शे की फिरतीवर राहणाऱ्याने एसएसडीच घ्यावी. आत काही फिरतच नाही, मग खड्ड्याची भीती कसली? धक्का ओळखून हेड बाजूला घेणारी सोय आयबीएमने थिंकपॅडमध्ये २००३ ला आणली, ॲपलने २००५ ला. पण ती सगळ्याच लॅपटॉपमध्ये नसते, आणि असली तरी पडण्यापासून वाचवते, रोजच्या आपटण्यापासून नाही.

रावेरचा ठिबकवाला
आकडे बघितले. ०५ समोर ८, सी५ समोर २४, सी१ बरंच मोठं आहे, बीएफही शून्य नाही. वर पिवळ्या रंगात सावधान असं दाखवतंय. चेकडिस्क मारू का?

भुसावळ दुरुस्ती
अजिबात नको. डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क नको, फाईलींची जुळवाजुळव करणारं डीफ्रॅग तर नकोच. ०५ म्हणजे खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर (तबकडीवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे जे सेक्टर वाचताना डिस्क अडखळते आहे ते. आत्ता तिला दामटलं तर उरलेलंही जाईल. सी१ चा आकडा मोठा असला तर घाबरू नका, हेड किती वेळा जागेवर जाऊन आलं त्याची ती मोजणी आहे. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कना ६ लाखांपर्यंत मुभा दिलेली असते. बीएफ म्हणजे चालू असताना जाणवलेले धक्के, ते तुमच्या किक मारण्याशी जुळतंय.

आजच बाहेरची डिस्क जोडा. लॅपटॉप गादीवर नाही, टेबलावर ठेवा आणि कॉपी संपेपर्यंत हात लावू नका. आधी अनुदानाचे कागद आणि आराखडे, मग बिलं, फोटो शेवटी. एखादी फाईल अडली तर तिच्यापाशी झगडत बसू नका, वगळून पुढे जा. मध्येच टक् टक् वाढलं तर बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या; घरी डिस्क उघडू नका, धुळीचा एक कण त्या फटीत गेला तरी तबकडी खरवडली जाते. सगळं निघालं की अडीच इंची साटा (जुन्या डिस्कसारख्याच जोडणीची) एसएसडी त्याच जागी बसते, लॅपटॉप बदलायची गरज नाही.