पीक विम्याचे हेक्टरी १७ हजार कुठं अडकले? बातमी ऐकून वडिलांनी उधारीचा वायदा करून ठेवलाय

औसा_कोरडवाहू

राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातला, जिल्हा लातूर. घरचं पावणेचार एकर म्हणजे दीड हेक्टर सोयाबीन होतं. सप्टेंबरच्या पावसात नाल्याकडचं सगळं रान तीन दिवस पाण्याखाली राहिलं, शेंगा जागेवर सडल्या, वरच्या तुकड्यात थोडंफार हाताला लागलं तेही काळं पडलेलं. विमा भरलेला आहे, पावती आहे, ई-पीक पाहणी (मोबाईल ॲपवर पिकाची नोंद) केलेली आहे, फार्मर आयडी पण काढलेला आहे.

आता प्रश्न असाय की ७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं त्या दिवशी संध्याकाळी वडील टीव्हीसमोर बसले होते आणि तिथं मोठ्या अक्षरात आलं की विमा काढलेल्या शेतकऱ्याला विम्यातून हेक्टरी १७ हजार मिळणार. कोरडवाहूला मदतीचे ८,५०० आणि रब्बीच्या बियाण्या-खताला १० हजार असे १८,५०० वेगळे. वडिलांनी तिथंच कागदावर बेरीज केली, हेक्टरी साडेपस्तीस हजार, दीड हेक्टरचे ५३ हजार. दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रवाल्याला सांगून आले की दिवाळीच्या मागंपुढं तुमचं सगळं खातं मिटवतो, आणि हरभऱ्याचं बियाणं-खत पण उधारीवर घेऊन आले.

मदतीचे आधी १२,७५० आले, मग रब्बीचे १५ हजार आले, ते खरंच आले, खोटं कामून बोलू. पण विम्याचे जे साडेपंचवीस हजार धरले होते त्यातला रुपया नाही. आता डिसेंबर लागला. आणि रोज मोबाईलवर एक बातमी असतीच, पीक विमा आजपासून खात्यात, या जिल्ह्यांची यादी जाहीर, तुमचं नाव बघा. उघडलं की वरच्या चार ओळी मागच्या वर्षीच्या, खाली जाहिराती. मधी अकोल्याकडच्या शेतकऱ्यांना ३ रुपये, २१ रुपये जमा झाल्याची बातमी पण आली, ती बघून तर वडील दोन दिवस बोलले नाहीत. दुकानदार आता वाटेत भेटला की विचारायलाय आणि वडील गावातनं जायचा रस्ता बदलायलेत, हे मला बघवत नाही.

बातमी खोटी होती का, का आमचंच काही चुकलं? आणि मुळात खरं काय हे शोधायचं कुठं?

निवृत्त_कृषी_सहाय्यक

बाळा, बातमी सगळीच खोटी नव्हती पण जी अट सांगायला पाहिजे होती ती कुणी नीट सांगितली नाही, आणि त्या एका अटीवरच सगळं आहे. मी ३१ वर्षं याच कामात काढली, जरा लांबलचक सांगतो पण वडिलांना वाचून दाखव.

मदत आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी. मदतीला पंचनामा लागतो, तुझ्या रानाचं नुकसान बघून पैसे येतात. विम्यात यंदा तसं नाही. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता तेव्हा स्थानिक आपत्ती, हंगामाच्या मधल्या प्रतिकूल परिस्थितीतलं २५ टक्के अग्रीम (आगाऊ भरपाई), काढणीनंतरचं नुकसान, पेरणीच न होणं, हे सगळे भाग त्यात होते. खरीप २०२५ पासून राज्यानं एक रुपयाची योजना बंद केली, शेतकऱ्याचा हप्ता परत चालू झाला (खरिपाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के), आणि हे चारही भाग काढून टाकले. राहिलं फक्त पीक कापणी प्रयोगाचं (निवडलेल्या रानात ठरावीक तुकडा कापून वजन करतात त्याचं) उत्पादन. आणि हे काढल्यावर काही महिन्यांतच असा पाऊस आला की हे भाग असते तर सगळ्यात जास्त उपयोगी पडले असते.

आता उत्पादनावर विमा म्हणजे कसं. महसूल मंडळ हे एक युनिट. मंडळात पिकाचे कमीत कमी १० कापणी प्रयोग होतात, कोणते गट (जमिनीचे तुकडे) ते आधीच ठरलेले असतात. त्यातनं मंडळाचं सरासरी उत्पादन निघतं, सोयाबीनला उपग्रहावरून काढलेल्या उत्पादनालाही त्यात वजन असतं. दुसऱ्या बाजूला उंबरठा उत्पादन. मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि तिच्या ७० टक्के धरायचे. समज ५ वर्षांची सरासरी हेक्टरी १,४३० किलो आली, तर उंबरठा झाला साधारण १,००० किलो. यंदा मंडळाचं उत्पादन ७०० निघालं तर तूट ३० टक्के, विमा रक्कम हेक्टरी ५० हजार धरली तर भरपाई १५ हजार. आणि मंडळाचं उत्पादन १,०१० निघालं तर भरपाई शून्य. तुझं नाल्याकडचं रान कोरं झालं असलं तरी शून्य. वरच्या माळावरच्या माणसाला बरं पिकलं की मंडळाच्या सरासरीत तुझा खड्डा भरून निघतो.

म्हणून सरसकट हेक्टरी १७ हजार मिळणार असं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोण सांगू शकतं? तेव्हा बऱ्याच ठिकाणी सोयाबीन उभंच होतं, कापणी प्रयोग व्हायचे होते. तो अंदाज होता, आणि बातमीत तो हमी होऊन बसला.

सेतूवाला_पाथरी

काका बरोबर सांगायलेत. मी परभणी जिल्ह्यात सीएससी (ऑनलाईन सरकारी अर्ज भरायचं केंद्र) चालवतो, माझ्याकडं दिवसाला पंधरा-वीस माणसं नुसती हाच प्रश्न घेऊन येतात, मोबाईल पुढं करतात आणि म्हणतात हे बघ यात आलंय जमा झाले म्हणून, तू खातं तपास. खातं तपासतो तर काहीच नाही, मग त्या माणसाला वाटतं मीच काहीतरी घोळ केला फॉर्म भरताना. एका म्हाताऱ्या मामांनी तर मला तोंडावर म्हटलं की तूच खाल्ले. रात्री झोप लागली नाही मला त्या दिवशी.

सप्टेंबरात तर अजून वाईट झालं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ परत फिरले, ७२ तासांच्या आत ॲपवर तक्रार करा नाहीतर विमा जाईल. आमच्याकडं लाईट नाही, रेंज नाही आणि माणसं चिखलात उभं राहून फोटो चढवायलेत, गाडी करून माझ्याकडं यायलेत. यंदा ती तक्रार चालतच नव्हती, योजनेतनं तो भागच गेला होता. हे एका ओळीत सांगितलं असतं तर किती लोकांचे हाल वाचले असते.

औसावाल्या भावा, तू एवढं कर. पावतीवरचा अर्ज क्रमांक घेऊन पीक विम्याच्या सरकारी पोर्टलवर स्थिती बघ, अर्ज मंजूर दिसतोय का ते आधी. १४४४७ वर फोन करून पण विचारता येतं, लागायला वेळ लागतो पण लागतो. पावतीवरचं पीक आणि ई-पीक पाहणीतलं पीक एकच आहे ना ते ताडून बघ, फरक निघाला तर अर्ज अडचणीत येतो. आणि आधारला नेमकं कोणतं बँक खातं जोडलंय ते बघ, आमच्याकडं निम्म्या लोकांना वाटतं जिल्हा बँकेत येईल आणि ते दुसरीकडंच कुठंतरी जाऊन पडलेलं असतं.

तालुका_बातमीदार_धाराशिव

मी बातम्या देणारा माणूस आहे म्हणून यावर बोलणं माझं कामच आहे. १४ वर्षं तालुक्यातनं बातमी देतोय.

मुंबईत दुपारी घोषणा होते, तासाभरात आकडा फोनवर गेला पाहिजे असं वरनं असतं. मथळ्यात मावतं ते एवढंच, शेतकऱ्यांना हेक्टरी इतके. "मंडळाचं उत्पादन उंबरठ्याच्या खाली गेलं तर" हे मथळ्यात मावत नाही, ते सहाव्या ओळीत जातं आणि सहावी ओळ मोबाईलवर कुणी उघडत नाही. शिवाय जाहीर झाले, मंजूर झाले, वर्ग झाले, जमा झाले हे चार वेगळे शब्द आहेत आणि चारींमधे कधीकधी वर्ष जातं, पण बातमीत चारींच्या जागी एकच शब्द येतो, मिळणार. हे चूक आहे आणि आम्ही सुधारलं पाहिजे. तुमच्या वडिलांची बेरीज बघून मला फार वाईट वाटलं, कारण तो आकडा त्या दिवशी मी पण पुढं पाठवला होता.

एक जुनी गोष्ट सांगतो, बातमीदारीचं चांगलं काम काय असतं ते त्यात दिसतं. २०२० च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात (तेव्हा उस्मानाबाद) काढणीच्या वेळी पाऊस आला, सोयाबीन गेलं, आणि ७२ तासांत कळवलं नाही म्हणून लाखो शेतकऱ्यांना विमा नाकारला. महसूलचे पंचनामे होते, नुकसान सरकारनंच मान्य केलेलं, तरी नाही. लोक औरंगाबाद खंडपीठात गेले, २०२२ मधे निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला, साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांचा प्रश्न होता, मग ते सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथं कंपनीला २०० कोटी भरायला लावले. या सगळ्यात पंचनाम्याचे कागद, तारखा, गावागावातली नावं हे गोळा करून वर्षभर छापत राहिले ते तालुक्याचे बातमीदार. मोठ्या चॅनेलवर हे आलं ते कोर्टाचा निकाल लागल्यावर.

अजून एक. कंपनी सगळे पैसे खाते अशी बातमी पण सरसकट येते. आपल्याकडं ८०:११० चं मॉडेल आहे, बीडमधे २०२० ला सुरू झालं म्हणून बीड पॅटर्न म्हणतात. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचं राज्य देतं, ८० च्या खाली राहिली तर कंपनी २० टक्के ठेवून बाकीचं राज्याला परत करते. म्हणजे विचारायचं असेल तर हे विचारावं की आमच्या जिल्ह्यात हप्ता किती जमा झाला, भरपाई किती गेली, परत किती आले आणि ते परत आलेले पैसे कुठं गेले. हे मी पण आत्तापर्यंत पुरेसं विचारलेलं नाही.

क्रांतीचौक_ताई

शेतीचं मला फार कळत नाही पण मथळ्याचा अनुभव सेम आहे म्हणून लिहिते. २२ सप्टेंबरपासून विम्यावरचा जीएसटी शून्य अशी बातमी सगळीकडं होती, मी आणि मिस्टरांनी लगेच हिशोब मांडला की आता कंपनीतल्या ग्रुप पॉलिसीतनं आई-बाबांसाठी जो हप्ता कापतात तो कमी होणार. नाही झाला. एचआरला विचारलं तर कळलं की सूट वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याला आहे, फॅमिली फ्लोटर पण त्यात येतं, पण ग्रुपला १८ टक्के तसाच आहे. एक शब्द होता "वैयक्तिक", तोच गाळला होता. दादा तुमच्या वडिलांना म्हणावं त्यांची यात काही चूक नाही, आमच्यासारखे ऑफिसात बसणारे पण असेच फसलो.

निवृत्त_कृषी_सहाय्यक

अजून एक राहिलं. औसावाल्या पोरा, तालुका कृषी कार्यालयात जा आणि विचार की आमच्या मंडळात सोयाबीनचे प्रयोग कोणत्या गावात, कोणत्या गटात झाले. सरळ दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाक. प्रयोगाच्या वेळी गावच्या समितीतली माणसं हजर असतात, त्यांच्या सह्या असतात, त्यांना भेट. निवडलेल्या गटातलं पीक वाहून गेलं असेल तर तिथं शून्यच लिहायचं असतं, शेजारचं बरं रान बघून तिथं प्लॉट पाडायचा नसतो. आमच्या वेळी मी स्वतः दोनदा शून्य लिहिलंय आणि वरनं फोन आले तरी बदललं नाही. यंदाचा प्रयोग होऊन गेला, पण पुढच्या खरिपाला तारीख आधी विचारून घ्या आणि रानात जाऊन उभे रहा. तो दिवस विम्याचा खरा दिवस असतो आणि त्या दिवशी रानात बहुतेक कुणीच नसतं.

औसा_कोरडवाहू

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लागले पण जाऊन आलो. पोर्टलवर अर्ज मंजूर दाखवतोय, पीक पाहणी जुळते, खातं पण बरोबर आहे, म्हणजे आमच्याकडनं चूक नव्हती हे आधी वडिलांना सांगितलं, ते ऐकून त्यांचा चेहरा जरा उतरलेला होता तो सावरला.

तालुक्याला गेलो तर साहेब भले माणूस निघाले, यादी दाखवली. आमच्या मंडळातल्या दहामधले सहा गट माळाकडच्या गावातले निघाले, नाल्याकाठचे दोनच. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, निवड कॉम्प्युटरवरच झाली म्हणाले. पण आकडा पक्का व्हायचाय अजून, उपग्रहाचं पण त्यात यायचंय. त्यांनी तोंडी सुद्धा आकडा सांगितला नाही आणि ते मला बरोबर वाटलं, अजून एक अंदाज घरी नेऊन काय करणार होतो.

संध्याकाळी काकांचं उदाहरण वडिलांना वहीवर मांडून दाखवलं, १,००० आणि ७०० वालं. त्यांनी दोनदा बघितलं आणि विचारलं, म्हणजे हे आपल्या रानाचं नसून मंडळाचं आहे का. इतकी वर्षं विमा भरला आणि हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघं मिळून दुकानदाराकडं गेलो, विम्याचं धरू नका, तूर निघाली की निम्मे देतो आणि हरभऱ्यावर बाकीचे, असं सांगितलं. तो हो म्हणाला, व्याज लावीन म्हणाला पण हो म्हणाला.

बातमीदार दादा, मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय, मंडळाचं उत्पादन आणि उंबरठा दोन्ही मागितलंय. कागद आला की इथं टाकतो, तुम्ही धाराशिवच्या मंडळांचे मिळवा.

तालुका_बातमीदार_धाराशिव

परंडा आणि भूमचे आजच मागतो. सीनाकाठच्या मंडळांपासून सुरू करू.