पतंगांचे फोटो टाकायचे तरी कुठे?

चादरवाली:
मी संगमेश्वर तालुक्यात राहते. पाऊस लागला की पडवीत पांढरी चादर टांगायची, समोर दिवा लावायचा आणि येतील त्या पतंगांचे फोटो काढायचे, हा चार वर्षांचा उद्योग. (घरात याला 'आईचा पिक्चर लागला' म्हणतात.)

फोटो एका बड्या साइटवरच्या निसर्गप्रेमींच्या गटात टाकायचे. सभासद साठ हजारांच्या वर. मागे पाठीवर कवटीची खूण असलेला पतंग आला, हात लावला तर चक्क चीं चीं करणारा. हौसेने टाकला. लाइक एकशे चाळीस. "संक्रांत होऊन गेली ताई" हा विनोद चौघांनी केला. एकाने "अशुभ आहे, मारून टाका" म्हटलं आणि खाली भांडण पेटलं. नाव मात्र एकानेही सांगितलं नाही.

म्हणून मॅस्टोडॉनवर (लोकांनीच चालवलेल्या छोट्या-छोट्या सर्व्हरांचं जाळं) खातं काढलं. तिथे सामसूम. तीन आठवड्यांत अकरा पोस्टी, एक स्टार (म्हणजे तिथला लाइक). छोट्या ठिकाणी माणसं भेटतात म्हणे. कुठे बसलेली असतात ती?

निशाचर:
ताई, तिथे तुमची पोस्ट उचलून कोणी चार लोकांपुढे ठेवत नाही. ज्यांना फॉलो केलंय त्यांचंच दिसतं, तेही वेळेच्या क्रमाने. हॅशटॅग लावला नाहीत तर विहिरीत दगड. आणि हॅशटॅग फॉलोही करता येतो, २०२२च्या अखेरीपासून ती सोय आहे. स्टारने पोस्ट पुढे जात नाही, बूस्टने जाते, म्हणजे कोणी ती आपल्या फॉलोअरांना पाठवली की. फोटोला वर्णन लिहा. दृष्टिहीन लोक ते ऐकतात, आणि वर्णन नसलेला फोटो बरेच जण बूस्टच करत नाहीत. बाकी, अकरा पोस्टींत तुम्ही दुसऱ्या कोणाशी किती बोललात?

जुनं_खोड:
खुशाल जा, पण मूळ फोटो स्वतःच्या डिस्कवर ठेवून. आमचा सर्व्हर एक गृहस्थ पदरमोड करून चालवत होते. थकले, बंद केला. फॉलोअर नव्या पत्त्यावर आले, सहा वर्षांच्या पोस्टी मागेच राहिल्या. अर्थात मोठ्यांची तरी काय हमी? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला गेलंच की.

पानगळ:
नुसतं नाव हवं असेल तर आयनॅचरलिस्ट, जीवजंतूंचे फोटो टाकून ओळख पटवून घ्यायची साइट. तिथे गप्पा कमी, पण ओळख पटवणारे कसून बघतात. तुमचा बहुधा अकेरॉन्शिया, म्हणजे कवटीवाल्या पतंगांच्या गटातला. त्यात भारतात दोन जाती, तेव्हा मागच्या पंखांचा फोटो असेल तर तोही टाका.

चादरवाली:
निशाचर, लागलं मनाला. कोणाशीच बोलले नव्हते. :)

आठवडाभर इतरांचेच फोटो बघितले, विचारलं, चुकले. मग कवटीवाला पुन्हा टाकला, वर्णनासकट: 'पाठीवर फिकट कवटी, पोटावर पिवळे-काळे पट्टे, बसलाय आमच्या उशीच्या अभ्र्यावर.' लाइक वगैरे सहा. पण केरळच्या एका बाईंनी विचारलं, आसपास मधमाश्यांच्या पेट्या आहेत का? हा म्हणे रात्री पोळ्यात शिरून मध चोरतो.

शेजारच्या काकांकडे सातेरीच्या तीन पेट्या आहेत! परवा काका आणि मी छत्री घेऊन अकरापर्यंत पेटीपाशी बसलो. आला नाही. कालही नाही. त्या बाई रोज सकाळी विचारतात, आला का?