मदत हवी आहे: मानवी कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-२ ची अ‍ॅक्टिव्हिटी पावसाळ्यात घसरली

खाडीकाठ:
रत्नागिरीत तिसऱ्यांच्या शिंपल्यांवर काम चालू आहे. मॅन्टलच्या (कवच बनवणाऱ्या आवरणाच्या) अर्कासोबत कंट्रोल म्हणून इ. कोलायमध्ये बनवलेलं हे रिकॉम्बिनंट एन्झाइम (कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट बनवणारं) वापरतो. ५० मिलिमोलार ट्रिस-सल्फेट, पीएच ७.५, एन्झाइम १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, सबस्ट्रेट म्हणून पॅरा-नायट्रोफेनिल अ‍ॅसिटेट (तुटला की पिवळा रंग देणारा एस्टर) ०.५ मिलिमोलार, ४०० नॅनोमीटर, २५ अंश, १ सेंमी क्युवेट. मे महिन्यात ब्लँक (एन्झाइमशिवायचं मोजमाप) वजा करून शोषणात मिनिटाला ०.३ वाढ मिळायची, आता जेमतेम ०.१. वर ब्लँकही वाढलाय. लॉट तोच, उणे ८० ला ठेवलेला. बफरला बुरशी धरू लागली म्हणून जूनपासून त्यात ०.०२ टक्के सोडियम अ‍ॅझाइड घालतो, आणि एन्झाइम प्लास्टिकला चिकटू नये म्हणून ०.१ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन प्रथिन). दमट हवेनं एन्झाइम मेलं का? नवी व्हायल मागवू का?

काचसामान:
ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) आहे का बफरमध्ये? एन्झाइममधलं झिंक काढून घेतलं असेल.

सागरी_रसायन:
ईडीटीए असतं तरी तो संशय मागे ठेवला असता. तीन हिस्टिडिननी धरलेलं हे झिंक ईडीटीएला सहज सुटत नाही. ते काढायला डायपिकोलिनिक अ‍ॅसिड वापरतात.

व्हायल मागवू नका, आधी बफर बदला. अ‍ॅझाइड झिंकला जाऊन चिकटतं. ०.०२ टक्के म्हणजे ३ मिलिमोलार, आणि या एन्झाइमसाठी त्याचा केआय (साधारण निम्मं एन्झाइम अडवणारं प्रमाण) एक-दोन मिलिमोलारच्या घरात आहे. म्हणजे २५ ते ४० टक्के अ‍ॅक्टिव्हिटी उरणार. तुमचा आकडा त्यातच बसतो. इतर बऱ्याच एन्झाइमांना अ‍ॅझाइड चालतं, म्हणून इथे हमखास फसायला होतं.

ब्लँक वाढतो तो बीएसएमुळे. अल्ब्युमिन स्वतःच हा एस्टर तोडतं. ब्लँकचा आलेख बघा: सुरुवातीला चढ आणि मग सपाटी असेल तर अल्ब्युमिनच. बीएसए काढा, लो-बाइंड नळ्या घ्या, आणि पातळ केलेलं एन्झाइम त्याच तासात वापरा.

बुरशीसाठी बफर ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा, ५०-५० मिली भरून ४ अंशांना ठेवा, आठवड्याला नवा करा. उरलेला अ‍ॅझाइडचा बफर अ‍ॅसिडच्या कचऱ्यात ओतू नका, विषारी वायू निघतो; सिंकमध्येही नको, तांब्या-शिशाच्या नळ्यांत स्फोटक क्षार बनतात.

खाडीकाठ:
ताज्या बफरमध्ये ०.२८ आलं! पण ब्लँक अजून थोडा जास्तच आहे.

सागरी_रसायन:
मग सबस्ट्रेट बघा. इथे मात्र दमटपणा खरंच नडतो. बाटली उणे २० वरून काढून लगेच उघडली की आत दव धरतं आणि एस्टर आपोआप फुटतो. निळ्या सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये अर्धा तास ठेवून मगच उघडा. ९ मिलिग्रॅम १ मिली कोरड्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवा, म्हणजे ५० मिलिमोलार झालं. क्युवेटच्या १ मिलीत त्यातलं १० मायक्रोलिटर. द्रावण त्या दिवसापुरतंच करा, पिवळसर दिसलं तर फेका.

मॅन्टलच्या अर्कात इतर एस्टरेजही असतात, तेव्हा प्रत्येक नमुना १० मायक्रोमोलार अ‍ॅसिटाझोलामाइड (कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज अडवणारं औषध) घालून पुन्हा मोजा (डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलार, १ मिलीला १ मायक्रोलिटर, दुसऱ्या क्युवेटमध्ये नुसता डीएमएसओ). मानवी एन्झाइम त्यानं जवळजवळ पूर्ण थांबायला हवं. अर्कात जेवढा वेग थांबेल, तेवढाच कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजचा धरा.