प्रतिसाद: वजा गुणांची भीती

कॉलेज रोडच्या एका क्लासमधला सल्ला इथे कुणीतरी दिलाय, की एनआयएसएमच्या (शेअर बाजारात काम करणाऱ्यांच्या प्रमाणपत्र परीक्षा घेणारी संस्था) सिरीज आठ या परीक्षेला (इक्विटी डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे शेअर्सवर आधारलेले फ्युचर्स-ऑप्शन्सचे करार) वजा गुण आहेत, तेव्हा शंका असेल तो प्रश्न सोडा. अजिबात पटलं नाही. चुकीला पाव गुण जातो, बरोबरला पूर्ण मिळतो. चारातले दोन पर्याय बाद करता आले, तर सरासरी 0.375 गुण पदरात पडतो. डोळे झाकून ठोकलं तरी सरासरी शून्याच्या किंचित वरच राहते. पास व्हायला 100 पैकी 60 लागतात, सोडून कसं चालेल?

खरे गुण जातात ते उदाहरणांत. नफा काढताना लॉट साइजने (एका करारातल्या शेअर्सच्या संख्येने) गुणायचं राहतं. ब्रेक-इव्हनलाही (ना नफा ना तोटा होतो त्या भावाला) घोळ होतो: कॉलला (खरेदीच्या हक्काला) स्ट्राइकमध्ये (करारात ठरलेल्या भावात) प्रीमियम (हक्कासाठी मोजलेली किंमत) मिळवायचा, पुटला (विक्रीच्या हक्काला) वजा करायचा.