शटडाउन दिलं तरी सीपीयूचा पंखा फिरतच राहतो. काय करावं?

कर्वेनगरकर
मंडळी, बाबांच्या डेस्कटॉपने तीन आठवडे वात आणलाय. शटडाउन दिलं की 'शटिंग डाउन' येतं, मॉनिटर काळा होतो आणि गाडी तिथेच अडते. कॅबिनेटचा पंखा चालू, समोरचा निळा दिवाही चालू. एकदा अर्धा तास बसून पाहिलं, ढिम्म. बाबा शेवटी भिंतीवरचं बटण बंद करतात आणि झोपायला जातात.

यंत्र २०१९ चं, इंटेल आय-३, एसएसडी नंतर टाकलेली. बाबांचा वापर म्हणजे बँक, टॅक्स आणि बुद्धिबळ. एका दुकानदाराला फोन केला तर त्याने यंत्र न बघताच 'एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गेलाय, अडीच हजार होतील' असं सांगून टाकलं. बदलू का? की फॉरमॅट मारू?

उंटावरचा
फॉरमॅट. विषय संपला.

वायरमन_पेठेतला
उंटावरून उतरा आधी. कर्वेनगरकर, पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी करून बघा, दोन्ही फुकट आहेत.

एक, शटडाउनऐवजी रीस्टार्ट द्या. नीट होतो का?
दोन, कीबोर्डवरची शिफ्ट दाबून धरा आणि तशीच धरून शटडाउनवर क्लिक करा. पंखा थांबतो का?

आणि भिंतीवरचं बटण तूर्त नको. अडकलंच तर कॅबिनेटचं पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरा. तेही जबरदस्तीचंच आहे, पण पंखा थांबला हे डोळ्यांना दिसल्यावर मग मेन बंद करता येतं.

कर्वेनगरकर
आत्ताच करून आलो. रीस्टार्ट एकदम व्यवस्थित. शिफ्ट धरून दिलं तर खट्कन बंद! पंखा, दिवा, सगळं. तीनदा केलं, तिन्ही वेळा बंद झालं. हे काय गौडबंगाल आहे?

मधल्या वेळात इव्हेंट व्ह्यूअरही उघडला होता. 'कर्नल-पॉवर ४१' अशा लाल नोंदींची रांग लागली आहे. त्याने पोटात गोळा आला.

वायरमन_पेठेतला
४१ ला घाबरू नका. आधीच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते. बाबांनी जितक्या रात्री बटण मारलं, तितक्या ४१. तो आजार नाही, आजाराची खूण आहे.

गौडबंगाल असं की विंडोज ८ पासून (२०१२) साधं शटडाउन हे पुरतं शटडाउन नसतं. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, म्हणजे सकाळी सगळं पहिल्यापासून उभं करावं लागत नाही. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. दुकान बंद करताना माल आत न नेता नुसतं शटर ओढावं, तसं. रीस्टार्टमध्ये आणि शिफ्टवाल्या शटडाउनमध्ये मात्र माल खरोखर आत जातो. त्यामुळे एखादा ड्रायव्हर या अर्धवट झोपेला तयार नसेल, तर फक्त साधं शटडाउन अडकतं. तुमच्याकडे नेमकं तेच होतंय.

आणि शिफ्ट धरून पंखा थांबतोय, म्हणजे मदरबोर्डने 'बंद हो' सांगितल्यावर एसएमपीएस ऐकतोय. अडीच हजार खिशात ठेवा.

बंद कसं करायचं: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. खालचे पर्याय फिके दिसतील. वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक केलं की जागे होतात. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा, सेव्ह करा.

खिडकीतली_मांजर
अय्या, म्हणून होय! टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे 'अप टाइम' असतं ते आत्ता पाहिलं. माझ्या लॅपटॉपचं १९ दिवस दाखवतंय. मी रोज रात्री शटडाउन करते हो!

वायरमन_पेठेतला
करता, पण शटरच ओढता. अधूनमधून रीस्टार्ट देत जा, बाकी काही बिघडलेलं नाही.

पुणेरी_पेंग्विन
रच्याकने, ज्यांनी विंडोजशेजारी लिनक्स टाकलंय त्यांनी तर हे बंदच ठेवावं. विंडोज असं अर्धवट झोपलेलं असताना लिनक्स त्याचं ड्राइव्ह नुसतं वाचायला देतं, लिहायला नाही. मी एक अख्खा रविवार त्यात घालवलाय.

उंटावरचा
एखादा रजिस्ट्री क्लीनर पण चालवून घ्या ना सोबत.

पुणेरी_पेंग्विन
कृपया नको. त्याने शटडाउन सुधारल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही, बिघडल्याचं दोनदा पाहिलंय.

ताम्हिणी
फास्ट स्टार्टअप बंद केल्याने काम होईल, पण ती पट्टी झाली. जखम कुठे आहे? तीन आठवड्यांपूर्वी त्या यंत्रात काय बदललं? नवा प्रिंटर, वायफायचं डोंगल, अपडेट, काहीही आठवा.

कर्वेनगरकर
अरेच्चा, हे लिहायचंच राहिलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून या महिन्याच्या सुरुवातीला त्यावरच ११ चढवलं. मीच चढवलं. बाबा 'चालतंय ते चालू दे' म्हणत होते. (हे त्यांना कळू देऊ नका.)

ताम्हिणी
मग बहुधा हेच. वरून नवं विंडोज चढवलं की काही ड्रायव्हर जुनेच राहतात, नाहीतर विंडोज आपल्या मनाने दुसरेच टाकतं. इंटेलच्या यंत्रांत या लक्षणाचा जुना संशयित म्हणजे 'इंटेल मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस'. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सिस्टिम डिव्हाइसेस'खाली सापडेल, तिथे ड्रायव्हरची तारीख बघा.

स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा, 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर मदरबोर्डचं मॉडेल मिळेल. त्याच मॉडेलच्या पानावरून चिपसेट आणि मॅनेजमेंट इंजिनचे ड्रायव्हर उतरवा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणाऱ्या साइटवर पाऊल ठेवू नका.

तिथे बायोसचं (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेटही दिसेल. त्याला सध्या हात लावू नका. लावलाच तर यूपीएसवर, आणि गुरुवारी तर मुळीच नको.

खिडकीतली_मांजर
गुरुवारी का?

ताम्हिणी
पुण्यात नवीन आहात का? गुरुवार म्हणजे देखभालीसाठी लाइट जाण्याचा वार. बायोस अर्ध्यात आणि लाइट गेली, की मदरबोर्डची वीट होते.

निवांत_नारायणपेठ
आमच्याकडे उलटी तऱ्हा आहे. पीसी बंद होतो आणि दोन-तीन सेकंदांत आपोआप सुरू होतो. वेगळा धागा काढू का?

वायरमन_पेठेतला
इथेच उरकू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट, तिथे 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर'ची खूण काढा. माउस-कीबोर्डलाही तेच. तरी थांबलं नाही तर बंद होताना निळी स्क्रीन येत असेल आणि विंडोज ती दाखवायच्या आत रीस्टार्ट करत असेल. सिस्टिम प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' मधलं 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' काढा, मग चूक वाचायला मिळेल. तिचा फोटो टाका.

कर्वेनगरकर
अहवाल. मॅनेजमेंट इंजिनच्या ड्रायव्हरची तारीख २०१७ ची निघाली! मदरबोर्डच्या पानावरून नवा टाकला, चिपसेटचाही टाकला, रीस्टार्ट केलं. मग मुद्दाम फास्ट स्टार्टअप चालूच ठेवून साधं शटडाउन दिलं. बंद! चार रात्री झाल्या, रोज बंद होतंय. ताम्हिणी, वायरमन, तुम्हा दोघांना एकेक अमृततुल्य माझ्याकडून.

फास्ट स्टार्टअप शेवटी बंदच करून टाकलं. एसएसडीवर काही सेकंदांचाच फरक पडतोय, आणि बाबांना घाई नाही.

पण आता नवीनच. पंखा थांबला तरी माउसच्या पोटाखालचा लाल दिवा जळत राहतो. बाबांच्या मते संगणक 'अजून जागाच आहे', म्हणून भिंतीवरचं बटण बंद करणं चालूच. शिवाय आज सकाळी घड्याळ चार तास मागे होतं आणि बँकेची साइट उघडेना.

वायरमन_पेठेतला
दिव्यात काही वावगं नाही. बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा देत राहतो, त्यावर यूएसबी जिवंत असतं. खुपत असेल तर बायोसमध्ये 'ईआरपी' नावाचा पर्याय असतो, तो चालू करा.

पंखा थांबल्यावर मेन बंद केलं तर काही नुकसान नाही. फक्त तो पुरवठा तुटला की घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर चालतं. रोज मेन बंद आणि यंत्र २०१९ चं, म्हणजे सेल बसलाय. वेळ चुकली की बँकेच्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र चुकीचं ठरू शकतं, म्हणून ती उघडत नसेल. सीआर २०३२, ३ व्होल्ट. तापकीर गल्लीत मिळेल. वायर काढून मग बदला, आणि लिहिलेली बाजू वर.

कर्वेनगरकर
सेल आणला. बाबा म्हणाले, "बघ, मी म्हणतच होतो, बॅटरीच गेली होती." मी गप्प बसलो.