'अँड'च्या आधी कॉमा द्यायचा की नाही?

प्रश्न : इंग्रजीत तीन-चार गोष्टींची यादी करताना शेवटच्या 'अँड'आधी काही पुस्तकांत कॉमा असतो, वर्तमानपत्रांत बहुधा नसतो. शाळेत 'अँडआधी कॉमा नको' एवढंच शिकवतात. नियम नेमका काय?

प्रतिसाद १ : दोन्ही चालतं. हा व्याकरणाचा नाही, छपाईच्या शैलीचा प्रश्न आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने हा कॉमा लावून धरला म्हणून तो 'ऑक्सफर्ड कॉमा'. 'शिकागो मॅन्युअल' ही अमेरिकेतली लेखनशैलीची पुस्तिका तो द्यायला सांगते. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था साध्या यादीत गाळते, अर्थाचा घोटाळा होत असेल तर देते. एका लेखनात एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं.

मात्र दोनच गोष्टी असतील तर कॉमा नको : 'टी अँड कॉफी'. आणि 'अँड' दोन पूर्ण वाक्यं जोडत असेल तर तिथला कॉमा वेगळ्या नियमाचा, त्याची इथे सरमिसळ नको.

प्रतिसाद २ : 'शैलीचा प्रश्न' म्हणून सोडून देऊ नका, कायद्याच्या मसुद्यात तो फार महागात पडतो. अमेरिकेतल्या मेन राज्यातला ओकहर्स्ट डेअरीचा खटला बघा. तिथल्या माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइम मागितला होता. कोणत्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही, त्याची यादी कायद्यात होती. तिचा शेवट असा : '...मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ', आणि पुढे शेतमाल, मांस-मासळी, नाशवंत पदार्थ. 'शिपमेंट'नंतर कॉमा नाही.

कंपनीचं म्हणणं, 'डिस्ट्रिब्यूशन' हे वेगळं काम, सबब ड्रायव्हरांना ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले, यादीतलं शेवटचं काम फक्त पॅकिंग आहे, मग ते शिपमेंटसाठी असो वा डिस्ट्रिब्यूशनसाठी. आम्ही पॅकिंग करत नाही. त्यांचा मुद्दा बिनतोड नसला तरी छान होता : यादीतली बाकी सगळी कामं '-इंग'ने संपतात, 'डिस्ट्रिब्यूशन' तेवढं 'शिपमेंट'च्या जातीचं. कंपनीचा मुद्दाही हलका नव्हता. 'पॅकिंग' हे शेवटचं काम असेल तर त्याच्या आधी 'ऑर' हवा होता, तो नाही. शिवाय राज्याची मसुदा-पुस्तिकाच हा कॉमा देऊ नका म्हणते!

2017 मध्ये अपील कोर्टाने मजकूर संदिग्ध ठरवला आणि संदिग्ध असेल तर कामगारांच्या बाजूने वाचायचा, म्हणून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला. 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर विधिमंडळाने यादीत सेमिकोलन घातले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' केलं.

प्रतिसाद ३ : त्यात भर. कॉमा दिला की संदिग्धता गेलीच असं नाही. 'टू माय पेरेंट्स, अ डॉक्टर अँड अ सिंगर' यात आईवडीलच डॉक्टर आणि गायक वाटतात. 'डॉक्टर'नंतर कॉमा दिला की तिन्ही घटक सुटे होतात. पण 'पेरेंट्स'च्या जागी 'मदर' घाला : 'टू माय मदर, अ डॉक्टर, अँड अ सिंगर'. आता कॉमामुळेच आई डॉक्टर आहे असा अर्थ निघू शकतो. इथे चिन्हांशी झटापट करण्यापेक्षा क्रम बदलावा : 'टू अ डॉक्टर, अ सिंगर अँड माय मदर'.

घटकांच्या पोटातच कॉमा असतील तर सेमिकोलन घ्या : 'पुणे, महाराष्ट्र; पणजी, गोवा; अँड इंदूर, मध्य प्रदेश'. आणि शेवटचा घटक जोडीचा असेल, जसं 'टी, पोहे, अँड ब्रेड अँड बटर', तर एरवी कॉमा गाळणाऱ्यांनीही तो द्यावा. मराठीत ही अडचण कमी, कारण आतली जोडी 'व'ने आणि बाहेरची 'आणि'ने बांधता येते : 'चहा, पोहे आणि ब्रेड व बटर'.